शून्य पूर्णांक शून्य चार

हलग्याच्या घरात पंख्याला हूक नाही.
गवंड्याने विचारलं होतं म्हणे,
तेव्हा तवनाप्पाकाका हसले होते:
बेळगावात? कशाला?

हे मी पुरावा म्हणून सांगत नाही.
घर पुरावा नसतं. आठवण तर नाहीच.

पुरावा असलाच तर या वह्यांत,
रोज सकाळी साडेआठला
पांढऱ्या पेटीचं दार उघडून
काकांनी वाचलेला पारा.
आधी फॅरनहाइट, मग सेल्सिअस.
आधी मुंबई राज्य, मग म्हैसूर, मग कर्नाटक,
माथ्यावरचं नाव खोडून वर नवं लिहिलेलं.
काही पानांवर आकडे कन्नड, काहींवर मराठी,
साहेब कोण येणार त्यावर.
रकाना मात्र तोच: किमान तापमान.
त्यावर कधी कुणी दावा लावला नाही.

मी जानेवारीच्या रात्री वेगळ्या काढल्या.
दिवस थोडे चढलेत, रात्री जास्त.
ऊनच वाढलं असतं तर दिवस पुढे गेले असते;
रात्र तापते ती अंगावर पांघरूण असल्यावर.

रविवारी नेमगोंडा आला, मामेभाऊ,
उद्यमबागेत त्याची फाउंड्री.
चष्मा कपाळावर, वही नाकाशी.
"पेटी हलवलीया की बाई. त्र्याऐंशी साली.
हे बघ, काकांचंच अक्षर:
विहिरीजवळून उचलून सोसायटीच्या गोदामाशेजारी.
पत्रा तापुलालाय, तुझं जग न्हवं."

त्याचं बरोबर होतं. मला ते दिसलंच नव्हतं.
आठवडा गेला.
संपगावच्या आणि खानापूरच्या नोंदी मागवल्या,
शेजारी शेजारी लावल्या, पत्र्याचा वाटा वजा केला.
चढ निम्म्यावर आला.
शून्यावर आला नाही.

पुढच्या रविवारी त्याने चहा बशीत ओतला.
"असंल. पण माणसानंच केलं कशावरनं?
आपल्यात स्यात् म्हणतात. अनेकान्त."
म्हटलं, अनेकान्त म्हणजे सगळ्या बाजूंनी बघणं,
तू एकाच बाजूला खुर्ची टाकून बसलायस.
कोळशातला कार्बन फार जुना असतो,
त्यातला चौदाचा कार्बन केव्हाच विझलेला.
हवेत तो विझलेला वाढतोय, मोजून.
वरचं, फार वरचं आकाश उलट गार होतंय.
सूर्याचं काम असतं तर तेही तापलं असतं.

"अगं, पण आहे किती तो वायू?
दहा हजारांत चार. शून्य पूर्णांक शून्य चार टक्के.
एवढ्याशानं काय होतंय गा?"

मी जरा थांबले.
मग त्याला त्याच्याच कामाचं विचारलं:
साध्या बिडाचं एसजी करताना
लाडलमध्ये मॅग्नेशियम टाकतोस, ते शेवटी
लोखंडात किती उरावं लागतं?

बशी अर्ध्यात राहिली.
त्याला पाठ होतं, रोज लॅबचा कागद सही करतो.
तेवढ्याशाने ग्राफाइटच्या पाकळ्यांचे गोळे होतात,
हातोड्याखाली फुटणारं बीड वाकायला शिकतं,
आणि कमी पडलं तर पुण्याहून अख्खा लॉट परत.
"शून्य पूर्णांक," म्हणाला, आणि पुढचं
चहाबरोबर गिळलं.

हरला असं नाही. लगेच विचारलंन,
ढगांचं काय? ढग वाढले तर थंडच होईल की.
म्हटलं, ढगांचं अजून नीट उमगलेलं नाही.
त्यावर खरंच वाद चालू आहे, किती आणि केव्हा यावर.
"आणि माझी अठ्ठेचाळीस पोरं?
भट्टी बंद करून त्यास्नी काय रकान्यात बसवू?"
याला माझ्याकडे वही नव्हती.

बाहेर पडताना त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं,
फेब्रुवारी, रात्रीचे नऊ,
आणि सहज आढ्याकडे पाहिलं.
"हूक टाकून घे की. मी देतो पाठवून.
एसजीचा देतो. तुटायचा न्हाई."